आगटीचा मान

ये इकडे, बस माझ्याजवळ. तो फोन आधी उलटा ठेव. तू पुण्यात आहेस, मला ठाऊक आहे. पण तू इथे ओसरीवर माझ्या मांडीला मांडी लावून बसली आहेस असं धरल्याशिवाय मला शब्द सापडत नाहीत. शाळा माझी लहानपणीच सुटली. पुढचं वाचणं-लिहिणं किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून शिकले. म्हणून जशी बोलते तशी लिहिते, चुका काढत बसू नको.

आता आधी रागावून घेते. परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललीस. एक म्हणजे, "आजी, तुमच्या गावात उन्हाळ्यात पाहण्यासारखं असतं तरी काय?" अन् दुसरी म्हणजे, "आमची पाववाली मामी कशी आहे?" असं म्हणून खुदूखुदू हसलीस. पहिल्याचा राग नाही मला. पण लेकी, माझा फोन मोठ्या आवाजावर असतो, मला कमी ऐकू येतं म्हणून. तुझी मामी माझ्या मागेच तांदूळ निवडत बसली होती. तिने ताट खाली ठेवलं अन् उठून आत गेली. ते तांदूळ संध्याकाळपर्यंत तसेच पडून होते.

तुला कोणी काय सांगितलं ते मला माहीत नाही. गावभर सांगतात तेच सांगितलं असणार, की अकोल्याच्या सुनेनं मारोतीची पंगत बिघडवली अन् गावाला पाव खायला लावला. खरं काय झालं ते मी सांगते. मी तिथे होते. मीच ओरडले होते.

पण आधी तुझा पहिला प्रश्न. पाहण्यासारखं काय असतं म्हणतेस? बडनेऱ्याला गाडीतून उतरलीस अन् एसटीनं आमच्याकडे निघालीस की फाल्गुनात दोन्ही बाजूंना पळस पेटलेला दिसतो, पान एक नाही, नुसती केशरी फुलं. ती फुलं आम्ही हंड्यात उकळून होळीचा रंग करायचो, अजूनही काही घरं करतात. होळीला शेणाच्या चाकोल्यांची, म्हणजे मधे भोक पाडलेल्या लहान गोवऱ्यांची माळ, लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या. मग पाडवा, मग चैत्राचं हळदीकुंकू, कैरीचं पन्हं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. अन् चैत्रातल्या पुनवेला मारोतीची जत्रा. गावाचा जुना दगडी दरवाजा तू पाहिला आहेस, ज्याच्या खिळ्यांना तू लहानपणी लोंबकळायचीस. त्या दरवाज्याच्या बाहेर मैदान, मैदानाच्या कडेला मारोती, पलीकडे पायऱ्यांची बारव. कोणत्या राजानं बांधली ते लोक वेगवेगळं सांगतात, मी कोणाशी भांडत नाही. त्या मैदानात पाळणे लागतात, बांगडीवाल्या बसतात, रसवंतीचे घुंगरू वाजतात. अन् दुपारी सगळ्या गावाची पंगत बसते, रोडग्यांची.

रोडगा तुझ्या मैत्रिणींना सांगता यायला पाहिजे. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, ओवा. एक लहान गोळा चपटा करायचा, त्याला तेल लावून दुसऱ्या चपट्या गोळ्यात गुंडाळायचा, तो तिसऱ्यात. असा कांद्यासारखा पदर-पदर बांधायचा. मग गोवऱ्यांची आगटी पेटवायची, धूर संपून लाल निखारे झाले की त्यात रोडगे पुरायचे, वरून निखारा ओढायचा, अन् त्यावर आणखी थोड्या गोवऱ्या रचायच्या म्हणजे वरूनही भाजलं जातं. निघाले की फडक्यानं राख झाडायची, फोडायचे अन् तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी.

आमच्याकडे या आगटीचा मान असतो. दर वर्षी गोवऱ्या एकाच घरच्या. देवाचं अन्न ज्या विस्तवावर होतं तो विस्तव एका हातानं थापलेला असावा, अशी रीत. पाळीपाळीनं घरं ठरतात. ज्या घरी मान आला तिथली बाई संक्रांतीपासून थापायला लागते, होळीपर्यंत भिंती भरतात. अन् गावातल्या बाया जाता-येता भिंतीकडे बघतात. गोवरी जाड आहे का पातळ, काठ फाटला का, कडबा किती मिसळला. गोवरीवर थापणारीची पाचही बोटं उमटतात ना, ती सुद्धा बघतात.

गेल्या वर्षी मान आपल्या घरी आला. माझे गुडघे तर गेलेले. मी पंचांना सांगणार होते की पाळी पुढं ढकला. तुझी मामी म्हणाली, "आई, मी करते."

ती अकोल्याच्या फ्लॅटमधली पोर. तिच्या माहेरी गॅलरीत तुळशीची कुंडी, तेवढीच माती. शेणाला तिने लग्नाआधी कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी तिच्या गोवऱ्या भिंतीवरून घसरून खाली पडल्या. समोरच्या घरची बुढी, माझ्याच वयाची, जीभ मात्र माझ्याहून लांब, आपल्या ओट्यावरून ओरडली, "अवं, भाकरी थापून राहिली का शेन? पोळपाट-लाटनं आनू का?"

मामी हसली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कोठ्यात गेली. कोठा म्हणजे आपला ढोरांचा. माझ्याकडून विचारून घेतलं, कुटार म्हणजे भुसा किती, पाणी किती, हात कसा फिरवायचा. होळीपर्यंत आपली मागची भिंत, कोठ्याची भिंत, कंपाउंड, सगळं भरलं. बारीक लांब बोटांच्या गोवऱ्या. समोरची बुढी एक दिवस भिंतीजवळ येऊन उभी राहिली, एक गोवरी उपसून वाजवून पाहिली अन् काही न बोलता परत गेली. तिच्याकडून ती शाबासकीच होती. मामीला मी ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा तू पाहायला पाहिजे होता.

आता लक्ष देऊन वाच.

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. चैत्रात आमच्याकडे असं होतं, एकदम काळं, वारा, वर गारांची भीती. गोवऱ्या मोकळ्या अंगणात रचलेल्या. भिजल्या तर उद्याची आगटी गेली. मी पडवीतून ओरडतेय, मामी पदर खोचून गोवऱ्या उचलतेय, अन् तुझा मामा कोठ्याच्या माचीवर, छपराखालच्या माळ्यावर चढून वरून रिकाम्या थैल्या फेकतोय. माचीवर काय काय पडलेलं असतं तुला माहीत आहे. सरकीच्या थैल्या, खताच्या थैल्या, फवाऱ्याचा पंप, औषधाचे डबे. आमच्याकडे पिकावरच्या विषाला औषधच म्हणतात. हाताला येईल ती थैली खाली, खाली आली की भरली, भरली की पडवीत. चार थेंब पडले अन् आभाळ निघून गेलं. आम्ही तिघंही हसलो. मामा म्हणाला, "देवानं नुसतं डोळे वटारून पाह्यलं."

सकाळी सूर्य उगवता मारोतीचा जन्म झाला, गुलाल उधळला. गाडीवरून थैल्या मैदानात गेल्या. माणसांनी लांब खड्डा खणून आगटी पेटवली, धूर निघून गेला, निखारे पडले. आम्ही बाया मांडवात बसून रोडगे बांधत होतो. मामी मध्यभागी. मान ज्या घरी तिथली बाई मध्यभागी बसते. नवी हिरवी साडी नेसली होती, नाकाला कणीक लागलेली. समोरची बुढीसुद्धा तिच्या बाजूला बसून म्हणत होती, "अकोलेवाली, हात चालव, मारोतीले भूक लागली."

रोडगे पुरले गेले. वरून निखारे ओढले. मग उरलेल्या थैल्यांतल्या गोवऱ्या वर रचल्या. त्यांनी हळूहळू धूर धरला. अन् वारा फिरला.

मी तेव्हा पाणी प्यायला आगटीच्या बाजूनं चालले होते. तो धूर माझ्या तोंडावर आला अन् माझे पाय थांबले.

शेणाचा धूर मी जन्मभर घेत आले. तो डोळ्यांत जातो, केसांत बसतो, पण तो आपला असतो. हा वेगळा होता. त्यात लसणासारखं काहीतरी होतं, सडलेल्या लसणासारखं. मी आगटी राखणाऱ्याला विचारलं, "भाऊ, वास येऊन राहिला का तुले?"

"भाजीचा असन, काकू."

"मारोतीच्या भाजीत लसून कोन टाकते बाप्पा?"

तो हसला अन् काठीनं निखारे सारत राहिला. तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा होता, त्याला कसा येणार वास?

तो वास मला कुठला ठाऊक, ते सांगते. माझा धाकटा भाऊ, तुझ्या आईचा मामा, एका पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करून वावरातून परत येताना बांधावरच पडला. खाटेवर टाकून आणला. अंगाला घाम, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. अमरावतीच्या दवाखान्यात वाचला, पण त्याचा हात अजून थरथरतो, चहाची कपबशी त्याला देत नाहीत, गिलास देतात. त्याचा त्या दिवशीचा सदरा मी धुतला होता. तो वास माझ्या नाकातून कधीच गेला नाही.

पण मैदानात उभं राहून माझ्या मनात दुसरंच आलं. माझं नाक म्हातारं. चूक असेल तर? रोडगे निघायला फारसा वेळ नव्हता. मी ओरडले अन् काहीच नसलं, तर ज्या पोरीनं संक्रांतीपासून हात झिजवले तिचं तोंड मी भर गावात काळं केलं असं होईल. अन् खरं असलं तर? तरी नाव तिचंच जाणार. गोवऱ्या तिच्या, बोटं तिची. न बोलता राहिले तर गावची लेकरं ते खाणार.

मी मांडवात गेले, मामीच्या कानाशी वाकले. "जरा बाहेर ये व."

"काय झालं, आई?"

"आवाज करू नको. आगटीजवळून एक चक्कर मारून ये. मले काही सांगू नको, नुसता वास घेऊन ये."

ती गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला. "आई, काल माचीवरून शेवटी ज्या थैल्या आल्या... मी अंधारून आलं म्हणून पाहिल्याच नाहीत."

"रिकाम्या थैल्या कुठी हायेत?"

आम्ही दोघी शोधायला लागलो, हसऱ्या चेहऱ्यानं, कोणाला कळू नये म्हणून. थैल्या मांडवात कुठे कुठे पसरल्या होत्या, बाया बसायला घेतात ना. सरकीची, सरकीची, खताची. समोरची बुढी म्हणाली, "काय हरवलं व? नथ का नवरा?" कोणी हसलं. मामीही हसली, पण तिच्या ओठांना ते हसू नीट चिकटेना.

मांडवाच्या टोकाला एक घडी केलेली थैली होती अन् तिच्यावर कोणाचंसं रांगतं लेकरू बसवलेलं, हातात साखरेची गाठी, अर्धी तोंडात. मामीनं लेकराला उचललं. लेकरू किंचाळलं. त्याची माय धावली, "काहून उचललं माह्या पोराले? झोपत होतं ना!" मामीनं ऐकलंच नाही. लेकराचे हात लोट्यातल्या पाण्यानं धुऊ लागली, गाठी हिसकावून फेकली. मी थैली उलगडली. आतल्या बाजूला घडीत दबलेलं ते चित्र. चौकटीत लाल तिकोन, त्यावर कवटी. थैलीच्या शिवणीत जांभळट दाणे अडकलेले. कपाशीच्या मुळाशी टाकायचं दाणेदार औषध.

आता काहीच माझ्या एकट्या नाकावर अवलंबून राहिलं नव्हतं.

मी वळले तेव्हा मैदानात पहिली पंगत बसली होती. पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, त्यांच्यावर भाजी वाढलेली. आगटी उकरली होती, रोडगे टोपल्यांत आले होते, राख झाडणं चालू होतं. तुझा मामा तुपाची कासंडी घेऊन उभा. तुपाचा मान त्याचा, आगटी आपली म्हणून. पंचांमधले मोठे, ज्यांना सारं गाव दादा म्हणतं, ते नारळ फोडून पंगतीला "बोला" म्हणायच्या बेतात.

मी ओरडले. मला वाटलं नव्हतं माझ्यात एवढा आवाज उरला आहे. "थांबा! कोनी खाऊ नका! रोडग्याले हात लावू नका!"

सगळं मैदान माझ्याकडे फिरलं. पाळण्याचं गाणंही त्याच वेळी बंद पडलं, का ते देवाला ठाऊक.

मी थैली वर धरली. जे होतं ते सांगितलं. औषधाच्या थैलीत गोवऱ्या भरल्या गेल्या, त्या गोवऱ्या आगटीवर गेल्या.

 मग सगळे एकदम बोलले.

"आगीत गेलं की सारं जळून जाते, बुढे!"

"रोडग्यावर निखारे होते, गोवऱ्या तर वर होत्या!"

"तूप पडलं की सारं पवित्र."

"अन् तुमच्या घरी मान देल्ला तवाच म्हनलं होतं का नाई, शहरची सून हाये म्हनून?"

हे शेवटचं कोण बोललं ते मला दिसलं नाही. पण सगळ्यांनी ते उचललं. अकोल्याची, अकोल्याची. मी मामीकडे पाहिलं. ती मांडवाच्या बांबूला धरून उभी होती, हातात अजून ते दुसऱ्याचं लेकरू. तिनं तुझ्या मामाकडे पाहिलं. एकदाच. थैल्या कोणी फेकल्या ते त्या मैदानात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं नाही.

मामा तुपाची कासंडी घेऊन तसाच उभा. मी म्हटलं, बोल रे. मनात म्हटलं. आईनं पोराचं नाव घ्यायचं अन् बायकोनं नवऱ्याचं, तर मग त्यानं स्वतःचं काय घ्यायचं? मी वाट पाहिली.

तेवढ्यात दादांनी टोपलीतला एक रोडगा उचलला. "हे पाहा," ते म्हणाले, "मी देवाच्या अन्नाले विष म्हनत नाई. मीच पयला खातो. मग तुमी बसा." त्यांनी रोडगा फोडला. वाफ निघाली. मी "नका दादा" म्हटलं ते त्यांनी ऐकलं नाही, बाईचं ऐकायला त्यांनी आयुष्यभर थोडा उशीरच केला आहे. घास तोंडाशी नेला.

कासंडी खाली पडली. तूप मातीत पसरलं अन् मामा धावत जाऊन दादांचा हात धरून उभा राहिला.

"नका खाऊ, दादा. थैली मीनं देल्ली. तिनं नाई. मीनं माचीवरून फेकली, मीनं पाह्यलं नाई. त्या औषधाची फाटकी थैली मीनंच तिथं ठेवली होती."

दादांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या घासाकडे. घास खाली ठेवला. धोतराला हात पुसला, मग काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा पाण्यानं धुतला.

पण लेकी, हे किती जणांनी ऐकलं? पहिल्या पंगतीतल्या चार-दोन माणसांनी. बाकी मैदानात गलका होता, लेकरं रडत होती, माणसं पत्रावळी उलट्या करत होती. मामाचा आवाज त्याच्या आईच्या आवाजासारखा मोठा नाही. गावानं माझं ओरडणं ऐकलं, अकोल्याची हा शब्द ऐकला, अन् पुढचं त्याच्या कानांत शिरलंच नाही.

आगटी राखणाऱ्या दोघांना दवाखान्यात नेलं. एकाचं डोकं दुखत होतं. संध्याकाळी दोघंही परत आले, चहा मागत. त्या रांगत्या लेकरालाही दाखवून आणलं, त्याला काही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थांबवलं ते बरं केलं, खाल्लं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. म्हणजे काय ते प्रत्येकानं आपापल्या मनाप्रमाणे घेतलं. रोडगे दरवाज्याबाहेर खोल खड्ड्यात पुरले, वर दगड टाकले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

अन् एवढं सगळं गाव उपाशी. भाजी लाकडावर शिजलेली, चांगली, पण नुसती भाजी कशी खाणार? दरवाज्याजवळ बेकरी आहे ना, चाचांची, जिथून तू खारी आणायचीस. ते कधीचे येऊन बाजूला उभे होते. दादांना म्हणाले, "दादा, सुबे का पूरा माल पडा है, जत्रे के वास्ते जादा निकाला था. भूखे काहे को जाते लोगां?"

 मारोतीच्या जयंतीला पाव. दादा देवळाकडे तोंड करून म्हणाले, "त्याले चालत असन तर मले चालते." पावाच्या लाद्या आल्या. माणसं पुटपुटली, काही उठून घरी गेली. लेकरं मात्र खूश. वांग्याची भाजी अन् पाव, पळसाच्या पत्रावळीवर. खरं सांगू? चवदार लागत होतं. मी मात्र मामीच्या मागे घरी गेले.

ती मागच्या दारी नळाखाली हात धूत बसली होती. साबण संपला तरी धूत होती. मी जवळ बसले. ती म्हणाली, "आई, तुमी बराबर केलं. ओरडल्या नसत्या तर मी ओरडली असती." मग थोड्या वेळानं, "पन आता मी त्या दरवाज्यातून जानार नाई." तोपर्यंत ती आमच्यासारखी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

अन् गेली नाही. वर्षभर बाजाराला जायचं तर बारवेच्या बाजूनं वळसा घालून जाते, उन्हात. पाववाली, पाववाली, पोट्टे हाक मारतात. तुझा मामा चारचौघांत सांगत बसतो, थैली माझी होती म्हणून. माणसं त्याच्या पाठीवर थाप मारतात अन् म्हणतात, बायकोले वाचवून राहिला, चांगला नवरा हाये. खरं बोलणाऱ्याचं हे असं होतं. माचीवरचं सगळं त्यानं खाली काढलं, कोठ्याबाहेर कुलपाची पेटी केली. मामी त्याच्याशी बोलते, जेवायला वाढते, पण त्या दुपारबद्दल एक शब्द नाही.

यंदा आगटीचा मान समोरच्या बुढीचा. संक्रांत झाली, तिच्या भिंती मोकळ्याच. गुडघे तिचेही माझ्यासारखेच, अन् सून मुंबईला. एक दिवस ती काठी टेकत आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिला आत बसायला सांगायचं मी मुद्दाम टाळलं, हो, खोटं कशाला बोलू.

"अकोलेवाली," ती म्हणाली, "माह्या हातानं थापनं होत नाई आता. तू थापून देतं का?"

मामी भांडी घासत होती. मान वर केली नाही. "माह्या हातच्या चालतीन का तुमाले?"

"मले यंदा पाव नाई पायजे, रोडगे पायजेत. तुह्याएवढी पक्की गोवरी गावात कोनाची नाई. अन् थैली," बुढीनं काठी आपटली, "थैली मी माह्या डोळ्यानं पाहीन. चष्मा लावून."

मामी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पण दोन-तीन दिवसांनी पहाटे मी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या भिंतीवर ओळीनं गोवऱ्या. ओल्या, हिरवट. बारीक लांब बोटांच्या.

आता भिंत भरत आली आहे. पळस पेटला आहे. पंचांनी यंदा नवी रीत घातली, गोवऱ्या मोकळ्या गाडीत यायच्या, थैलीत नाही, अन् पेटवायच्या आधी पाच घरच्या बाया येऊन वास घेणार. मला बोलावलं आहे. मामीलाही निरोप आला. ती म्हणते, "गोवऱ्या तुमी घेऊन जा, आई. मी घरी थांबतो."

मी तिला ओढून नेऊ शकत नाही. मी तर त्या दिवशी ओरडणारी. तुझा मामाही नेऊ शकत नाही. समोरची बुढी दोनदा बोलली, तिसऱ्यांदा तिचा अभिमान आड येईल. उरलीस तू. तिनं तुला न्हाऊ घातलं आहे सुट्टीत, तुझ्या वेण्या घातल्या आहेत, तुझं ती ऐकते. आल्यावर तिला आधी मामी म्हणून हाक मार, नुसती मामी. मग तिचा हात धरून त्या मोठ्या दरवाज्यातून चाल, वळशानं नाही.

सुट्टी कशी काढायची ते तुझं तू बघ. पुनवेच्या दोन दिवस आधीच ये, म्हणजे तुला रोडगे बांधायलाही शिकवते. बडनेऱ्याला गाडी पोचायच्या आधी फोन कर, मामा घ्यायला येईल. मी मात्र येणार नाही स्टेशनवर, गुडघे. मी ओसरीवर बसलेली असेन. ये, वाट पाहते.